डेल्फिया स्टँपरने गावाला दाखवलेला सिनेमा

डेल्फिया स्टँपरने सारी उमर शाळेची बस चालवली. आमच्याकडचे रस्ते असे, की एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला ओढा, आणि मधे जेमतेम एक बस मावेल एवढी जागा. त्यात हिवाळ्यात बर्फ. तरी तिच्या बसचा आरसासुद्धा कधी कुठे घासला नाही. पोरं तिला डेल्फियाबाई म्हणायची आणि तिला टरकून असायची. मागच्या बाकावर कुणी दंगा केला तर ती ओरडायची नाही. बस कडेला घ्यायची, इंजिन बंद करायची आणि आरशातून त्या पोराकडे बघत बसायची. पोरगा माफी मागेपर्यंत बस जागची हलत नसे. शाळा भरून गेली तरी नाही, मुख्याध्यापकांचा फोन आला तरी नाही. माझ्या दोन्ही मुली तिच्या बसमधून शाळेत गेल्या. घरी येऊन सांगायच्या, बाबा, डेल्फियाबाईंना घाई कधीच नसते.

तिचा नवरा खाणीचं छत कोसळून गेला तेव्हा कॉल्बी पोटात होता. हा एकुलता एक मुलगा. त्याला लहानपणीच साखरेचा आजार निघाला, इन्सुलिन टोचल्याशिवाय दिवस न निघणारा. पुढे तो गाड्या दुरुस्त करायला लागला, मधे नशेपायी जरा वाहवला, पुन्हा मार्गावर आला. लायसन रद्द असताना गाडी चालवल्याबद्दल त्याला कोर्टाची तारीख मिळाली होती, ती तो विसरला. एका शुक्रवारी दुपारी गाडीचा मागचा दिवा लागत नाही म्हणून त्याला अडवलं आणि जुनं वॉरंट वर आलं. जज सोमवारशिवाय बसणार नव्हते. कॉल्बीला काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, तुरुंगात टाकलं.

डेल्फियाला कळल्याबरोबर तिने त्याचं इन्सुलिन, सुया, रक्त तपासायचं यंत्र असं सगळं त्याच्या निळ्या डब्याच्या पिशवीत भरलं, बर्फाचा गोळा घातला, वर औषधाच्या वेळा लिहिलेली चिठ्ठी लावली आणि तुरुंगाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. खिडकीत पहारेकरी टॅनर होता, तिच्याच बसमधून शाळेत गेलेला. त्याने पिशवी घेतली. "देतो, बाई. काळजी करू नका," म्हणाला. शनिवारी ती पुन्हा गेली, तर भेटीची वेळ नाही म्हणून परत पाठवलं. रविवारी चर्चमधून परस्पर गेली, तर माणसं कमी आहेत म्हणून परत पाठवलं. सोमवारी सकाळी तिच्या दारात काउंटीची गाडी आली. कॉल्बी कोठडीत मेला होता.

आमच्या केंटकीत तुरुंगाचा जेलर निवडणुकीने येतो, आणि आमचा जेलर होता गार्लंड प्रॅथर. कितीतरी वर्षं तोच. दर वेळी तो एकच सांगायचा, की माझ्याइतक्या कमी खर्चात तुरुंग कुणी चालवून दाखवावा. उंच, गोरापान, बोलायला गोड. चर्चमध्ये खर्जात गायचा. मिरवणुकीत गाडीवर उभा राहून पोरांना गोळ्या वाटायचा. डेल्फिया, गार्लंड आणि मी एकाच वर्गात होतो. मला तो वाईट माणूस वाटत नसे. गावात कुणालाच वाटत नसे.

त्या आठवड्याच्या पेपरात त्याचं निवेदन छापून आलं. कैदी नशेत असल्याचा संशय आहे. कर्मचाऱ्यांनी वेळोवेळी विचारपूस केली. आणि शेवटी एक वाक्य होतं, की कैद्याला मधुमेह असल्याचं कुटुंबाने कळवलं नव्हतं, औषधही आणून दिलं नव्हतं.

ते वाक्य डेल्फियाने माझ्यासमोर वाचलं. माझं उघड्यावरचं सिनेमा थिएटर आहे, गाडीत बसून बघायचं. हंगाम नसला की ती पडद्यामागचं गवत कापायला मदत करायची. त्या दिवशी ती पेपर घेऊन आली, उभ्याउभ्या वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "एल्मर, यांनी माझं पोर मारलं ते मारलं, वर मीच मारलं म्हणून छापलं."

ती पेपरच्या संपादकाकडे गेली. त्याने तिला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि तिचं म्हणणं छापायला नकार दिला. काउंटीच्या सरकारी नोटिसा छापून त्याचा पेपर चालतो, त्या बंद झाल्या तर पेपर बंद, असं त्याने सरळ सांगितलं. स्थानिक रेडिओवाल्याने फोन उचलला नाही. गावात लोक तिला बघून रस्ता ओलांडू लागले. दुकानात बायका हळू आवाजात बोलायच्या, की नशेच्या पोराची आई, तिला तरी किती खरं माहीत असणार. काहींनी तर असंही म्हटलं, की ती विसरलीच असणार औषध न्यायला आणि आता तिला ते सहन होत नाहीये. हे सगळं तिच्या कानावर यायचं. ती कुणाशी भांडली नाही. पण मला तिचा तो बसच्या आरशातला चेहरा आठवायचा.

तुरुंगात कॅमेरे होते. सरकारी पैशाने चालणारी गोष्ट लोकांनी मागितली तर दाखवायला हवी, असा राज्याचा कायदा आहे. डेल्फियाने तुरुंगातलं त्या तीन दिवसांचं चित्रण मागितलं. उत्तर आलं, चौकशी चालू आहे, देता येत नाही. चौकशी संपल्यावर तिने पुन्हा मागितलं. उत्तर आलं, कॅमेरे कुठे लावलेत ते कळलं तर तुरुंगाच्या सुरक्षिततेला धोका आहे. तिने तिसऱ्यांदा मागितलं, तेव्हा उत्तरच आलं नाही. काउंटीच्या सभेत ती बोलायला उभी राहिली, तर अध्यक्षांनी सांगितलं की विषय कोर्टात जाण्याची शक्यता आहे, त्यामुळे इथे काढू नये, आणि तिच्या पुढचा माइक बंद केला.

मग तिने चर्च धरलं.

आमच्या चर्चमध्ये रविवारी गाणी झाली की पास्टर हॅस्केल विचारायचे, कुणासाठी प्रार्थना करायची आहे. लोक उभे राहून सांगायचे, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाचा नातू सैन्यात. एका रविवारी डेल्फिया उभी राहिली. गार्लंड समोर गाणाऱ्यांच्या रांगेत होता.

"गार्लंड प्रॅथरसाठी प्रार्थना करा," ती म्हणाली. "देव त्याला उदंड आयुष्य देवो. त्याच्या कॅमेऱ्याने काय बघितलं ते आख्ख्या गावाला दिसेपर्यंत त्याला साधा तापसुद्धा येऊ नये."

पास्टरांनी घसा खाकरला आणि पुढचं नाव घेतलं. पुढच्या रविवारी ती पुन्हा उभी राहिली, तेच शब्द. त्याच्या पुढच्याही रविवारी. गार्लंड खर्जात गात असायचा आणि ती बोलायला लागली की पुस्तकात बघायचा. शेवटी पास्टरांनी जाहीर केलं, की यापुढे प्रार्थनेच्या विनंत्या चिठ्ठीवर लिहून टोपलीत टाकाव्यात, ते स्वतः निवडून वाचतील. त्या दिवसापासून तिने चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही. मला म्हणाली, "देवाच्या दारातसुद्धा यांनी कात्री घेऊन माणूस बसवला."

या सगळ्या काळात तिच्याजवळ एकच माणूस होतं, ते म्हणजे शेजारची ट्वायला. दोघींची परसं एकमेकींना लागून. कॉल्बी लहान असताना निम्मा वेळ ट्वायलाच्या ओसरीवर असायचा, तिला मावशी म्हणायचा. ट्वायला तुरुंगाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिने डेल्फियाला शपथेवर सांगितलं होतं, की त्या शनिवार-रविवारी तिची सुट्टी होती. मयताच्या दिवशी तिने पातेलंभर चिकन-डंपलिंग करून आणलं, आलेल्यांना वाढलं, भांडी घासली. रोज संध्याकाळी येऊन डेल्फियाजवळ बसायची. डेल्फिया गार्लंडला शिव्या घालायची आणि ट्वायला मान हलवायची.

शहरातून एक वकीलबाई मिळाली, मेरेडिथ क्वाल्स. अशा कामाचे ती पैसे घेत नसे. तिने दावा लावल्याबरोबर काउंटीच्या विमा कंपनीचा माणूस डेल्फियाच्या घरी आला. रक्कम चांगली होती. अट एवढीच, की चित्रणाची मागणी मागे घ्यायची आणि या प्रकरणावर पुन्हा कुठे कधी बोलायचं नाही. डेल्फियाचा भाऊ तिला म्हणाला, घे आणि मोकळी हो, पोरगं काही परत येत नाही. तिने त्या माणसाला दारापर्यंत पोचवलं आणि सांगितलं, की गार्लंडला जाऊन सांग, मला पैसे दिलेस तर त्यातून मी मोठा पडदा विकत घेईन. माझी आठवण तिला तेव्हा झाली होती की नाही, मी विचारलं नाही.

खालच्या कोर्टात ती जिंकली. गार्लंडने वर अपील केलं. वरच्या कोर्टातही तीच जिंकली. मुलाच्या मृत्यूनंतर दुसरा हिवाळा सरत आला होता, आणि मे महिन्यात गार्लंडच्या पक्षाची, उमेदवार ठरवायची निवडणूक होती. आमच्याकडे पक्षातली निवडणूक जिंकली की पुढची जिंकल्यातच जमा. गार्लंडच्या नावाच्या पाट्या कुंपणाकुंपणाला लागल्या होत्या, तेव्हा वकीलबाईंच्या हातात चित्रण आलं. आवाज नव्हता, नुसतं चित्र. इतर कैद्यांचे चेहरे पुसलेले.

आम्ही ते माझ्या प्रोजेक्टरच्या खोलीत बघितलं, डेल्फिया, वकीलबाई आणि मी. तीन दिवसांचं सगळं नाही, वकीलबाईंनी खुणा करून ठेवलेलं. पहिल्याच भागात शुक्रवारची संध्याकाळ होती. टॅनर खिडकीतून वळतो, हातात निळी पिशवी, ती तो ऑफिसातल्या फ्रिजच्या डोक्यावर ठेवतो. त्यानंतर ज्या ज्या वेळी तो कॅमेरा दाखवला, त्या त्या वेळी पिशवी तिथेच. शनिवारी तिथेच. रविवारी कुणाचातरी वाढदिवस होता. गार्लंड स्वतः केकचा खोका घेऊन आला, जागा करायला त्याने पिशवी उचलली, वरची चिठ्ठी वाचली, पिशवी कपाटावर सरकवली आणि केक कापायला घेतला. दुसऱ्या कॅमेऱ्यात त्याच वेळी कॉल्बी जमिनीवर पडलेला दिसत होता, छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

डेल्फिया हे सगळं उभी राहून बघत होती. बसायला सांगितलं तरी बसली नाही.

मग शनिवारचा एक भाग आला. कोठडीच्या दाराच्या फटीतून एक बाई ताट आत सरकवते. कॉल्बी सरपटत दाराशी येतो, काहीतरी बोलतो, बोलतच राहतो. बाई खाली बसते, ऐकते, फटीतून हात घालून त्याच्या केसांवरून फिरवते, उठते आणि जाते. रविवारी तीच बाई न शिवलेलं ताट उचलून नेते. ती ट्वायला होती.

वकीलबाईंना ट्वायला कोण ते माहीत नव्हतं. त्या पुढचा भाग लावायला निघाल्या, पण डेल्फियाने पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा एकदा. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

खाली उतरताना तिने विचारलं, माझ्या पडद्यावर हे दाखवशील का. मी हो म्हणालो. निवडणुकीआधीच्या शनिवारी गार्लंडने तुरुंगामागच्या मैदानात मासे तळायचा कार्यक्रम ठेवला होता, गावजेवणच. आम्ही तोच दिवस धरला. वकीलबाईंनी सगळं चित्रण इंटरनेटवर टाकायची तयारी केली, पण डेल्फियाला ते पुरेसं नव्हतं. लोकांनी आपापल्या घरात, पडदे ओढून, फोनवर बघावं हे तिला नको होतं. शेजारच्या गाडीत कोण बसलंय ते दिसलं पाहिजे, असं ती म्हणाली.

बातमी फुटलीच. दोन दिवसांत काउंटीचा तपासनीस माझ्याकडे आला. आजवर कधी न आलेला माणूस वायरिंग बघून मान हलवायला लागला, म्हणाला, परवानगीचा प्रश्न येऊ शकतो, एल्मर. मी त्याला म्हणालो, ये तू शनिवारी कुलूप घेऊन, डेल्फियाबाई फाटकावरच असतील, त्यांच्याकडे दे. तो तिच्याच बसमधून शाळेत गेलेला. तो शनिवारी आला नाही.

ट्वायला मात्र आली, दोन दिवस आधी. मी आणि डेल्फिया कुठला भाग घ्यायचा, कुठला गाळायचा ते ठरवत होतो, कारण तीन दिवस काही पडद्यावर दाखवता येत नाहीत. ट्वायला दारात उभी राहिली. तिला कुणीतरी सांगितलं असावं, किंवा स्वतःलाच माहीत होतं.

"डेल्फिया, मी पाया पडते. माझा तेवढा भाग काढ," ती म्हणाली. "मला याच गावात राहायचंय गं. माझ्या सुना-नातवंडांनी बघायचं का ते?"

मला वाटलं डेल्फिया तिच्या अंगावर धावून जाईल. तिने खुर्ची पुढे सरकवली, ट्वायलाला बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"काय म्हणाला तो तुला?"

ट्वायला रडायला लागली.

"रडणं नंतर. चित्राला आवाज नाही. गार्लंडने दोन वर्षं लपवलं ते मी कोर्टातून ओढून काढलं, पण माझा मुलगा काय बोलला ते जगात फक्त तुला माहीत आहे. ते माझं आहे. दे."

ट्वायलाने सांगितलं. कॉल्बी म्हणाला होता, ट्वायलामावशी, आईला फोन कर. तिने माझी पिशवी आणून दिली असेल, तेवढी दे. पाणी दे. ट्वायला गार्लंडकडे गेली होती. गार्लंडने तिला सांगितलं, की तुझं काम ताटं द्यायचं, डॉक्टरकी करायची नाही, आणि इथून कुणाला फोन गेला तर सोमवारपासून येऊ नकोस. तिच्या पेन्शनला थोडेच महिने उरले होते. तिने फोन केला नाही. दोन घरांमधे परसाएवढं अंतर, संध्याकाळी घरी आल्यावर ती डेल्फियाच्या खिडकीतला दिवा बघत बसली, पण गेली नाही.

मी म्हणालो, की ट्वायलाचा भाग गाळला तरी गार्लंडचं पाप काही कमी होत नाही.

डेल्फिया माझ्याकडे वळली. "आणि मग मी कोण? माझ्या सोयीचं दाखवायचं, माझ्या मैत्रिणीचं झाकायचं? मग गार्लंडने काय वेगळं केलं?" ती ट्वायलाला म्हणाली, "तुझा भाग राहणार. आणि शनिवारी तू इथे, या खोलीत, माइकपुढे बसणार. तुझं चित्र आलं की तो काय बोलला ते तू गावाला सांगणार. नाही आलीस तर तुझ्या जागी मी सांगेन, आणि माझ्या तोंडून ते तुला जास्त महाग पडेल."

ट्वायलाला गाडीतून घरी सोडायला तिने मला सांगितलं नाही. ती एकटीच चालत गेली.

शनिवारी दिवस मावळायच्या आतच गाड्या यायला लागल्या. एवढी गर्दी मी कधी बघितली नव्हती. गार्लंडच्या मैदानात मासे तळून तयार होते आणि खाणारे माझ्याकडे येत होते. मी पॉपकॉर्नचं मशीन लावलं नाही. फाटकावर डेल्फिया उभी होती, प्रत्येक गाडीला हाताने जागा दाखवत होती, बस लावून घेतात तशी. संपादक आला, पास्टर हॅस्केल बायकोला घेऊन आले. मग एक मोठी पांढरी गाडी आली आणि तिच्या काचेमागे गार्लंड होता. तो का आला हे मी पुष्कळदा मनाशी घोळवलं. बहुतेक त्याला वाटलं असेल, समोर बसलो तर कुणी काही म्हणणार नाही. किंवा कोण कोण आलंय ते बघायचं असेल. डेल्फियाने त्याला काही न बोलता मधल्या रांगेत जागा दाखवली. मागून गाड्या येत राहिल्या, आणि थोड्या वेळात त्याच्या गाडीला पुढेमागे हलायला वाव उरला नाही.

आमच्याकडे सिनेमाचा आवाज गाडीच्या रेडिओवर येतो. चित्र सुरू झालं तेव्हा सगळ्यांच्या रेडिओवर नुसती खरखर होती. एवढ्या गाड्या आणि एवढीच खरखर. पडद्यावर निळी पिशवी फ्रिजवर गेली, आणि एकेका गाडीतून लोक उतरून बोनेटला टेकून उभे राहिले. केक कापला तेव्हा कुठेतरी एक बाई मोठ्याने हुंदका देऊन थांबली. पेपरात छापलेलं ते वाक्य प्रत्येकाला पाठ होतं. औषध आणून दिलं नव्हतं.

मग ताट फटीतून आत गेलं, आणि खरखरीतून ट्वायलाचा आवाज आला. ती आली होती. माझ्या शेजारी बसून, दोन्ही हातांनी माइक धरून बोलत होती. "ही मी ट्वायला. मी सुट्टीवर नव्हते. तो मला म्हणतोय, मावशी, आईला फोन कर." तिने सगळं सांगितलं, गार्लंडचं बोलणंही, शब्द न शब्द. स्वतःबद्दल काही सारवासारव केली नाही.

मी खिडकीतून खाली बघत होतो. डेल्फिया रांगांमधून चालत गार्लंडच्या गाडीशी गेली आणि काचेवर बोटाने टकटक केलं. तिथून पुढचं मला शेजारच्या गाडीतल्या लोकांनी सांगितलं. गार्लंडने काच खाली केली. त्याचा रेडिओ बंद होता.

"आवाज लाव, गार्लंड."

तो म्हणाला, "डेल्फिया, मला जाऊ दे. गाडी काढायला सांग यांना."

"भेटीची वेळ नाही," ती म्हणाली. "माणसं कमी आहेत."

तिने खिडकीतून हात आत घातला, रेडिओ लावला, आवाज शेवटपर्यंत फिरवला, आणि तिथेच उभी राहिली. चित्रण संपेपर्यंत ती पडद्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. गार्लंडने एकदा मान वळवली, तर तिने बोट पडद्याकडे केलं. शेवटच्या भागात सोमवारची सकाळ होती. टॅनर कोठडीचं दार उघडतो, कॉल्बीला पायाने हलवून बघतो, धावत जातो. तिथे मी प्रोजेक्टर बंद केला. सिनेमा संपला की आमच्याकडे लोक हॉर्न वाजवतात. त्या दिवशी कुणी वाजवला नाही. गाड्या रांगेने निघाल्या, पण गार्लंडच्या मागची गाडी मुद्दाम सगळ्यात शेवटी हलली.

मंगळवारी गार्लंड पडला. त्याच्या विरुद्ध उभा होता एक निवृत्त मांस-तपासनीस, ज्याने एकही पाटी लावली नव्हती. पुढे खटला झाला. टॅनरने गुन्हा कबूल केला आणि काही महिने त्याच तुरुंगात काढले. गार्लंडला दोषी धरलं, पण आत जावं लागलं नाही, चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडून दिलं. काउंटीला शेवटी पैसेही द्यावे लागले, आणि या वेळी तोंड बंद ठेवायची अट घालायची कुणाची हिंमत झाली नाही. पेपरने एका कोपऱ्यात दुरुस्ती छापली, की औषध आणून दिलं गेलं होतं. डेल्फियाने संपादकाला सांगितलं, पहिलं जिथे छापलंस तिथे छाप, त्याच अक्षरात. पुढच्या अंकात पहिल्या पानावर आलं.

गार्लंड टेनेसीत मुलीकडे राहायला गेला. तिथल्या एका शाळेत पहारेकऱ्याची नोकरी मिळत होती, तर शाळेच्या मंडळातल्या प्रत्येकाला आधीच चित्रण पोचलेलं होतं. एका वृद्धाश्रमात रुजू व्हायचा होता, तिथेही तेच. डेल्फिया लपवून काही करत नाही, पाकिटावर स्वतःचं नाव-पत्ता घालते. गार्लंडच्या मुलीने फोन करून तिला विनवलं, की आता पुरे करा, तो म्हातारा झालाय. डेल्फियाने तिला कॉल्बीचं वय विचारलं. पोरीला सांगता आलं नाही, तसा डेल्फियाने फोन ठेवला.

ट्वायलाशी ती त्या शनिवारनंतर एक शब्द बोललेली नाही. ट्वायलाची पेन्शन वाचली, पण बोलणारं कुणी उरलं नाही. बर्फ पडला की ती पहाटे उठून आधी डेल्फियाच्या पायऱ्या साफ करते. डेल्फिया खिडकीतून बघते. थांबवत नाही, आभार मानत नाही, आणि त्या पायऱ्या सोडून मागच्या दाराने जाते-येते. मला हे जरा जास्त वाटतं आणि मी तसं एकदा बोललोही. एवढं सगळं होऊन तुला शांती मिळाली का, असं मी विचारलं.

"शांती मी मागितलीच नव्हती," ती म्हणाली. "मी टेप मागितली होती."

गेल्या महिन्यात पलीकडच्या काउंटीतून एक बाई आली होती. तिचा भाऊ तिथल्या तुरुंगात मेला, आणि तिलाही चौकशी चालू आहे म्हणून सांगितलंय. डेल्फियाने तिला स्वयंपाकघरात बसवलं, घेवडा आणि मक्याची भाकरी वाढली, आणि ती जेवत असताना जेलरचं नाव काय, तो कोणत्या चर्चमध्ये जातो, निवडणूक कधी आहे, हे सगळं विचारून घेतलं. मग कोट चढवला, त्या बाईला गाडीत बसवलं आणि दोघी तिथल्या कोर्टाकडे निघाल्या. जाताना मला सांगून गेली, की एल्मर, हंगाम सुरू व्हायच्या आधी पडदा एकदा धुऊन घे.